भाकरीनंतर काम

दुष्काळ बारामती-इंदापूरकरांना सांगावा लागत नाही. शेजारच्या दौंड तालुक्यात केडगाव आहे. १८९६ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या आणि केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ उभी राहिली. रमाबाई १८८३ साली ख्रिस्ती झाल्या होत्या. त्यावरून पुढे पुण्यात वादळ उठले. १८९३ मध्ये शारदा सदनातून कित्येक मुली पालकांनी काढून नेल्या. तो वाद आम्ही येथे मिटवू शकत नाही. आम्ही कामगारांची माणसे. आम्ही हात पाहतो. मुक्तीतल्या मुली विणायला शिकल्या, शेतात राबल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्याच हातांनी छापले गेले. १९२२ साली बाई गेल्या. भुकेल्याला भाकरी देणे ही दया. त्याला उद्या दयेची गरज पडू नये म्हणून झटणे, ही श्रद्धेची खरी कसोटी, असे आम्हांस वाटते.