गाडी नसलेल्याचा नागझिरा

नागझिऱ्याला जायचंय म्हटलं की समोरून पहिला प्रश्न येतो, ‘गाडी आहे का?’ माझ्याकडे नाही. पुढेही घेईन असं वाटत नाही. पण मला तो प्रश्नच उलटा वाटतो. कारण या मुलखाची उरलेल्या महाराष्ट्राला जी काही ओळख झाली, ती बहुतेक बिनगाडीवाल्यांनीच करून दिली आहे. जरा मागे जाऊन सांगतो, लांबेल थोडं.

चोरखमारा म्हणजे तिरोडा तालुक्यातलं गाव. तलावाकाठचं, आणि नागझिरा अभयारण्याच्या तिरोड्याकडच्या बाजूचं गेट. साकोलीकडून येणारे पिटेझरीने शिरतात, त्यांना हायवे आहे. चोरखमाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या तालुक्याच्या गावी रेल्वे स्टेशन आहे, तेही मुंबई-हावडा मुख्य लाईनवर. जंगलाच्या गेटला असं स्टेशन मिळणं ही साधी गोष्ट नाही.

ही लाईन आली कशी? 1876 ते 78 च्या मोठ्या दुष्काळानंतर सरकारला धान्य हलवायला रेल्वे हवी होती. छत्तीसगडात धान्य पिकायचं, पण बैलगाडीने ते बाहेर येणार किती? म्हणून नागपूर-छत्तीसगड ही मीटरगेज लाईन घातली, ती 1882 पर्यंत राजनांदगावला पोचली. 1887 मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी आली, तिने ही लाईन घेऊन ब्रॉडगेज केली. 1900 मध्ये थेट हावड्याला जोड मिळाला. पुढे 1903 ते 1905 मध्ये गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत छोटी लाईन झाली, अडीच फुटी. मग नागभीड-चांद्याकडचा फाटा. गोंदिया जंक्शन झालं ते असं. धान, तेंदूपत्ता, लाकूड हेच रेल्वेचं खरं गिऱ्हाईक होतं, माणसं आपली सोबत जायची. तरी माणसांचं काम झालंच. जबलपूरची छोटी गाडी 2015 पर्यंत धावत होती, आणि त्या रस्त्यावरच्या खेड्यांना बाहेरचं जग दाखवलं ते तिनेच.

रेल्वेच्याही आधी पायी चालणाऱ्यांनी हा मुलूख घडवला. भंडारा-गोंदियाला तलावांचा जिल्हा म्हणतात ते कोहळी समाजामुळे. उतार बघायचा, पाणी कुठे अडेल ते ओळखायचं, पाळ बांधायची, हे ज्ञान शिवार तुडवल्याशिवाय येत नाही. नवेगावबांधचं श्रेय कोलू पाटील कोहळी यांना देतात. चोरखमाऱ्याचा तलाव त्या मानाने नवा, इंग्रज अमदानीतला, पण धानाला पाणी द्यायचं काम तेच.

आता लेखकांकडे या. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात येऊन राहिले, पायी भटकले, आणि ‘नागझिरा’ लिहिलं. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावला होते. माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्या माणसाबरोबर ते रानात फिरले, त्यातून मराठीला पक्ष्यांची आणि झाडांची किती नावं मिळाली! किरण पुरंदरे इथे चारशे दिवस राहिले, त्याचं ‘सखा नागझिरा’ झालं. तिघांची पुस्तकं काढून बघा. त्यांत पायवाटा आहेत, पाणवठे आहेत, तासन् तास एका जागी बसणं आहे. दोन तासांत वाघ दिसला की परत, असा हिशेब कुठेच नाही.

अभयारण्य 1970 चं. व्याघ्र प्रकल्प झाला डिसेंबर 2013 मध्ये, नवेगाव आणि नागझिरा मिळून. त्यानंतर शिस्त आली, ती हवीच होती. पर्यटकाने वाघाच्या जंगलात पायी हिंडावं असं मी म्हणत नाही, कोणी म्हणूही नये. माझं दुखणं गेटच्या बाहेरचं आहे. सफारी पहाटेची, म्हणजे उजाडायच्या आत गेटवर हवं. त्या वेळेला तिथे कोणती एसटी पोचणार? मग तिरोड्याहून स्पेशल गाडी करा. गेटवर पुन्हा जिप्सी अख्खी घ्या. सहा जण असले तर ठीक, एकटा मास्तर किंवा कॉलेजची दोन पोरं असली तर खिसा रिकामा. पुस्तक वाचून रानाच्या प्रेमात पडणारा माणूस बहुतेक असाच असतो हो!

एसटीचाही इतिहास बघण्यासारखा आहे. आपला विदर्भ 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता, त्यामुळे इथे मुंबई राज्याची एसटी नव्हती, नागपूरची प्रांतिक सेवा होती. ती पुढे महामंडळात मिळाली. लाल डबा खेड्यात शिरला तो बाजार, शाळा आणि कचेरीची वेळ धरून. ते बरोबरच होतं. पण 2021-22 च्या लांबलेल्या संपानंतर बऱ्याच माणसांना काळी-पिवळीची सवय लागली. करोनात पॅसेंजर गाड्यांचं किमान भाडं 10 वरून 30 रुपये झालं, ते 2024 मध्ये खाली आलं. त्याच काळात, 2022 मध्ये, बिरसीच्या धावपट्टीवरून प्रवासी विमान उडालं. जिल्ह्यात विमान आलं, पण स्टेशनावर उतरलेल्या माणसाने गेटपर्यंत कसं जायचं, ते कोणी सांगेना.

बाहेर काय चाललंय? रणथंबोरला सवाई माधोपूर स्टेशन आहे, तिथे कँटर चालतात, एकेक सीट घेता येते. कॉर्बेटला रामनगर स्टेशन आहे, ढिकालाची कँटर आहे. तसं इथे का नको? आणि ही मागणी फक्त पर्यटकाची समजू नका. चोरखमाऱ्याच्या बाईला तिरोड्याच्या दवाखान्यात, पोराला कॉलेजात, म्हाताऱ्याला बँकेत जायचंच असतं. पर्यटकाला लागणारी सकाळची बस आणि गावाला लागणारी बस एकच आहे. नुसत्या गावकऱ्यांवर ती परवडत नाही म्हणायचं आणि नुसत्या पर्यटकांवरही परवडत नाही म्हणायचं, पण दोघांना एकत्र बसवून हिशेब कधी केला का?

वनविभाग म्हणेल बस आमचं काम नाही. महामंडळ म्हणेल सफारी आमचं काम नाही. जिल्हाधिकारी दोघांना एका टेबलावर बसवू शकतात. आधी सुट्टीच्या हंगामापुरतं करून बघा, स्टेशनावर येणाऱ्या गाडीची वेळ धरून.

तिरोडा-चोरखमारा भागातले कोणी वाचत असाल तर सध्याचं वेळापत्रक खाली टाका. सकाळची पहिली बस किती वाजता निघते, परतीची शेवटची किती वाजता, आणि काळी-पिवळी कुठून मिळते. निवेदनाला जोडायचं आहे.