टर्बोचे दिवस आणि वेगवान यंत्रे

खातेगांवासारख्या गावांतून इंदूरला संगणक शिकण्यास गेलेल्या आपल्या मुलांस ‘टर्बो’ हे नाव सहसा विसरता येत नाही. बोरलँड कंपनीचे टर्बो पास्कल १९८३ साली आले, टर्बो सी १९८७ साली. थोड्या फ्लॉपींतून ते यंत्रावर चढे. फारशी कटकट नसे.

पुढे यंत्रे वेगवान झाली आणि विलक्षण प्रकार घडू लागला. पडद्याचे काम पाहणारा ‘क्रट’ हा भाग ज्यांत जोडला होता, असे पास्कलचे प्रोग्राम सुरू होताच ‘रनटाइम एरर २००’ दाखवून थांबू लागले. कारण मोठे गमतीचे. विलंबाचे माप ठरविण्यासाठी तो भाग आरंभीच, ५५ मिलिसेकंदांत यंत्र किती फेरे मारते हे मोजून, त्या संख्येस ५५ने भागी. सुमारे २०० मेगाहर्ट्‌झपुढे भागाकार ६५,५३५ ओलांडी आणि १६ बिटांत मावत नसे. संदेश मात्र शून्याने भागल्याचा! विद्यार्थी बिचारे आपल्याच ओळींत चूक शोधीत बसत; ती त्यांची नव्हेच, हे सांगणारा क्वचितच भेटे.

६४ बिटांच्या विंडोजने तर १६ बिटांचे प्रोग्राम चालविणेच सोडले. तरीही अनेक महाविद्यालयांतून टर्बो सी सुटले नाही. तेव्हा डॉसबॉक्समध्ये जुन्या यंत्राची नक्कल उभी करून ते तीत बसविण्याची रीत पडली. ती नक्कल हवी तितकी संथ करण्याची सोयही त्यात आहे.