मोठे सौरप्रकल्प आणि विरोधी बाके : ऑस्ट्रेलियाचा अनुभव

एखाद्या मागणीचे निवेदन घेऊन शिष्टमंडळे जातात ती सहसा मंत्र्यांच्या दालनात. ऑस्ट्रेलियात मोठ्या सौरऊर्जा प्रकल्पांचा आग्रह धरणाऱ्यांना मात्र गेल्या दशकात विरोधी नेत्यांचे उंबरठेही तितकेच झिजवावे लागले. याचे मूळ प्रकल्पांच्या अर्थकारणात आहे. सौरप्रकल्पाला इंधन विकत घ्यावे लागत नाही. जवळजवळ सर्व खर्च उभारणीच्या वेळीच होतो. त्यासाठी काढलेले कर्ज फिटण्यास पंधरा-वीस वर्षे लागतात. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधिगृहाची मुदत मात्र जास्तीत जास्त तीन वर्षांची. साहजिकच कर्ज देणारी बँक आजच्या सरकारचे धोरण पाहते, तसाच उद्या सत्तेवर येऊ शकणाऱ्या पक्षाचा मनसुबाही अजमावते.

सत्तांतराचा पहिला फटका

केव्हिन रड यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने २००९ मध्ये 'सोलर फ्लॅगशिप्स' ही योजना जाहीर केली. दीड अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या साहाय्याने १,००० मेगावॉट क्षमतेचे सौरप्रकल्प उभारण्याचा संकल्प त्यामागे होता. २०११ मध्ये क्वीन्सलँडमधील चिंचिला येथील २५० मेगावॉट आणि न्यू साउथ वेल्समधील मोरी येथील १५० मेगावॉट अशा दोन प्रकल्पांची निवड झाली. २०१२ मध्ये क्वीन्सलँडमध्ये सत्तांतर झाले आणि नव्या राज्य सरकारने चिंचिलासाठी पूर्वी कबूल केलेले साडेसात कोटी डॉलर काढून घेतले. तो प्रकल्प अखेर बारगळला. मोरीचा प्रकल्पही मुदतीत भांडवल उभे करू शकला नाही. पुढे तो ५६ मेगावॉटपुरताच साकारला.

पोर्ट ऑगस्टाचा कौल

दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट ऑगस्टा हे कोळशावरील वीजकेंद्रांचे गाव. ही केंद्रे बंद होणार अशी चिन्हे दिसताच तेथील नागरिकांनी सौरऔष्णिक केंद्राची मागणी पुढे केली. आरशांनी एकवटलेल्या उष्णतेवर चालणारे हे केंद्र ती उष्णता साठवून रात्रीही वीज देऊ शकते. २०१२ मध्ये घेतलेल्या स्थानिक मतदानात सौरऔष्णिक केंद्राच्या बाजूने ४,०५३, तर नैसर्गिक वायूच्या बाजूने केवळ ४३ मते पडली.

त्या वेळी केंद्रात आणि राज्यात मजूर पक्ष सत्तेवर होता. पोर्ट ऑगस्टाचे दोन्हीकडचे लोकप्रतिनिधी मात्र लिबरल पक्षाचे, म्हणजे विरोधी बाकांवरचे होते. हवामानबदलाचा मुद्दा त्या पक्षात वादाचा होता. त्यामुळे मोहिमेने वीज कामगारांचे रोजगार आणि कोळशाच्या राखेमुळे होणारा आरोग्याचा त्रास यांवर भर दिला. विरोधकांशी बोलताना त्यांच्या मतदारांचीच चिंता मांडावी लागते, हे त्यामागचे व्यवहारज्ञान होते.

सिनेटमधील संख्याबळ

२०१० च्या निवडणुकीत कोणालाच बहुमत न मिळाल्याने मजूर सरकार ग्रीन पक्ष आणि अपक्षांच्या पाठिंब्यावर अवलंबून होते. त्यातूनच २०१२ मध्ये स्वच्छ ऊर्जेसाठी १० अब्ज डॉलरचे वित्त महामंडळ आणि संशोधनास अर्थसाहाय्य देणारी 'अरेना' ही संस्था अस्तित्वात आली. टोनी अ‍ॅबट यांच्या नेतृत्वाखालील विरोधी आघाडीने महामंडळ मोडीत काढण्याची घोषणा केली. सप्टेंबर २०१३ मध्ये ती सत्तेवरही आली.

परंतु सिनेटमध्ये तिच्याकडे बहुमत नव्हते. आता मजूर आणि ग्रीन पक्ष विरोधात होते आणि महामंडळ बंद करण्याचे विधेयक त्यांनी रोखले. जुलै २०१४ पासूनच्या नव्या सिनेटमध्ये निर्णायक मते क्लाइव्ह पामर यांच्या छोट्या पक्षाकडे आली. पामर हे स्वतः खाणमालक. तरीही अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांना शेजारी घेऊन त्यांनी कार्बन कर रद्द करण्यास पाठिंबा, पण महामंडळ वाचवण्याचे वचन, अशी भूमिका जाहीर केली. कर गेला, महामंडळ टिकले.

२०१५ मध्ये नवीकरणीय विजेचे २०२० साठीचे ४१,००० गिगावॉट-तासांचे उद्दिष्ट कमी करण्याचा घाट सरकारने घातला. अनिश्चिततेमुळे मोठ्या प्रकल्पांतील गुंतवणूक थिजली. उद्योगांच्या संघटनेनेच अखेर तडजोडीचा आग्रह धरला आणि मजूर पक्षाच्या संमतीने ३३,००० गिगावॉट-तासांवर समेट झाला. उद्दिष्ट घटले, पण दोन्ही पक्ष त्याला बांधले गेल्याने गुंतवणूकदार परतले.

पुढच्याच वर्षी 'अरेना'च्या निधीतून १.३ अब्ज डॉलर कापण्याचा प्रस्ताव आला. मजूर पक्षही बचतीला अनुकूल दिसू लागला तेव्हा शास्त्रज्ञ आणि सौर उद्योगांनी त्याच्या खासदारांकडे धाव घेतली. सप्टेंबर २०१६ च्या समझोत्यात कपात ५० कोटींवर आली आणि ८० कोटी डॉलर वाचले. त्याच महिन्यात 'अरेना'ने बारा मोठ्या सौरप्रकल्पांना सुमारे ९ कोटी डॉलरचे साहाय्य जाहीर केले.

मर्यादाही स्पष्ट

मतांची बेरीज जमली म्हणजे प्रकल्प उभा राहतोच असे नाही. पोर्ट ऑगस्टाचे कोळसा केंद्र मे २०१६ मध्ये बंद झाले. २०१७ मध्ये सिनेटर निक झेनोफन यांनी कंपनी करातील सवलतीला पाठिंबा देण्याच्या बदल्यात तेथील सौरऔष्णिक केंद्रासाठी ११ कोटी डॉलरच्या सवलतीच्या कर्जाचे आश्वासन मिळवले. राज्य सरकारनेही १५० मेगावॉटच्या प्रकल्पाशी वीजखरेदीचा करार केला. तरीही कंपनीला उर्वरित भांडवल जमवता आले नाही आणि २०१९ मध्ये प्रकल्प रद्द झाला. दरम्यान सौरपट्ट्यांचे दर इतके उतरले होते की शहराजवळ उभे राहिले ते साध्या सौरपट्ट्यांचे विस्तीर्ण प्रकल्प.

वाद मात्र तिथेच थांबला नाही. २०२४ मध्ये पुन्हा विरोधात असलेल्या लिबरल-नॅशनल आघाडीने अणुऊर्जेसाठी सात जागा जाहीर केल्या. त्यांत पोर्ट ऑगस्टाची जुन्या वीजकेंद्राची जागाही होती. मे २०२५ च्या निवडणुकीत आघाडीचा पराभव झाला. तरी वीस वर्षांचे कर्ज आणि तीन वर्षांची संसद यांतील अंतर कायम आहे, तोवर विरोधी बाकांकडे जाणारी शिष्टमंडळेही थांबणार नाहीत.