लष्करी राजवट, आंतरराष्ट्रीय निर्बंध आणि वाशिमची तूर

एखाद्या देशात लष्कराने सत्ता बळकावली व इतर देशांनी त्याच्यावर निर्बंध लादले, अशी बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो. वाशिम जिल्ह्यातील शेतकऱ्याचा तिच्याशी काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु म्यानमार, म्हणजेच पूर्वीचा ब्रह्मदेश, या देशाच्या बाबतीत हा संबंध आपल्या शेताच्या बांधापर्यंत येऊन पोहोचतो. तो तुरीचा संबंध आहे. निर्बंध म्हणजे काय, म्यानमारमध्ये त्यांनी काय साधले, आपल्या तुरीशी त्यांचा धागा कसा जुळतो आणि ख्रिस्तसभेची शिकवण याविषयी काय सांगते, याची माहिती आम्ही येथे वाचकांसाठी संकलित करीत आहोत.

निर्बंध म्हणजे काय?

युद्ध न करता एखाद्या सरकारला वर्तन बदलण्यास भाग पाडण्याचे साधन म्हणजे निर्बंध. त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला शस्त्रबंदी. दुसरा सरसकट व्यापारबंदी. यात त्या देशाचा माल घेणे, त्याला माल देणे किंवा तेथे भांडवल गुंतवणे थांबवले जाते. तिसरा लक्ष्यित निर्बंध. यात सत्ताधीशांची व त्यांच्या कंपन्यांची परदेशातील मालमत्ता गोठवली जाते, त्यांना प्रवेशपत्र नाकारले जाते आणि त्यांच्या बँकांशी व्यवहार तोडला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने सनदेच्या सातव्या प्रकरणाखाली घातलेले निर्बंध सर्व सदस्य राष्ट्रांना बंधनकारक असतात. एखाद्या देशाने स्वतःहून घातलेले निर्बंध शेजाऱ्यांना बांधून ठेवत नाहीत. पुढील सर्व हकिगत समजून घेण्यासाठी हा फरक ध्यानात ठेवावा.

म्यानमार : पहिली फेरी

२ मार्च १९६२ रोजी जनरल ने विन यांनी सत्ता हाती घेतली. १९८८ मध्ये विद्यार्थ्यांनी व सामान्य जनतेने केलेला उठाव लष्कराने रक्तपाताने मोडून काढला. मे १९९० च्या निवडणुकीत आँग सान स्यू की यांच्या नॅशनल लीग फॉर डेमॉक्रसी या पक्षाने ४८५ पैकी ३९२ जागा जिंकल्या. लष्कराने सत्ता सोडली नाही. स्यू की यांना १९९१ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले तेव्हा त्या नजरकैदेत होत्या.

युरोपीय संघाने १९९६ मध्ये लष्करी नेत्यांच्या प्रवेशावर बंदी घातली. अमेरिकेने १९९७ मध्ये नवी गुंतवणूक व २००३ मध्ये म्यानमारच्या मालाची आयात थांबवली. या आयातबंदीने तयार कपड्यांचे कारखाने बंद पडले आणि हजारो कामगारांची रोजी गेली. त्यांत बहुसंख्य खेड्यांतून आलेल्या तरुण मुली होत्या. सेनाधिकाऱ्यांचे उत्पन्न मात्र चालूच राहिले, कारण थायलंड नैसर्गिक वायू विकत घेत होता आणि चीन शस्त्रे पुरवीत होता.

नोव्हेंबर २०१० मध्ये स्यू की यांची सुटका झाली, २०१२ च्या पोटनिवडणुकांत त्या संसदेत आल्या आणि २०१५ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने बहुमत मिळवले. युरोपीय संघाने २०१३ मध्ये शस्त्रबंदी वगळता सर्व निर्बंध उठवले. अमेरिकेने २०१६ मध्ये मुख्य आर्थिक निर्बंध मागे घेतले. हे निर्बंधांचे यश होते काय? अभ्यासकांत यावर एकमत नाही. चीनवरील अतिअवलंबन लष्करालाही नकोसे झाले होते, हे एक कारण सांगितले जाते. शिवाय लष्कराने २००८ च्या राज्यघटनेत संसदेच्या २५ टक्के जागा व संरक्षण, गृह आणि सीमा ही तीन खाती आधीच स्वतःकडे राखून ठेवली होती. निर्बंध उठले तेव्हा सत्तेची ही किल्ली लष्कराच्याच हाती होती. २०१७ मध्ये त्याच लष्कराच्या कारवाईमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना बांगलादेशात पळून जावे लागले.

म्यानमार : दुसरी फेरी

१ फेब्रुवारी २०२१ रोजी जनरल मिन आँग हलाइंग यांनी पुन्हा सत्ता बळकावली आणि स्यू की यांना अटक केली. या वेळी पाश्चात्त्य देशांनी सरसकट व्यापारबंदी टाळून लष्कराच्या तिजोरीवर नेम धरला. मार्च २०२१ मध्ये अमेरिका व ब्रिटन यांनी लष्कराच्या उद्योगसमूहांवर निर्बंध घातले. युरोपीय संघाने २०२२ मध्ये सरकारी तेल व वायू कंपनीवर आणि अमेरिकेने जून २०२३ मध्ये परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या दोन सरकारी बँकांवर घाला घातला. हवाई हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या विमान इंधनाचा पुरवठाही लक्ष्य करण्यात आला.

तथापि सुरक्षा परिषदेने बंधनकारक निर्बंध घातले नाहीत. डिसेंबर २०२२ मधील तिच्या ठरावात हिंसा थांबवण्याची मागणी होती. भारत, चीन व रशिया त्या वेळी तटस्थ राहिले. मार्च २०२३ मध्ये स्यू की यांचा पक्ष विसर्जित करण्यात आला. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेनेच लष्कराच्या निकटच्या काही व्यक्ती व कंपन्यांवरील निर्बंध उठवले. त्यानंतर डिसेंबर २०२५ अखेरपासून लष्कराने टप्प्याटप्प्याने निवडणुका घेतल्या, त्या प्रमुख विरोधी पक्षाला वगळूनच.

तुरीचा धागा

म्यानमारमध्ये तूर पिकते, पण तेथील लोक ती फारशी खात नाहीत. ती प्रामुख्याने भारतासाठीच पेरली जाते. आपल्या बाजारात ती ‘लेमन तूर’ या नावाने ओळखली जाते. भारतात आयात होणारा उडीद तर बहुतांशी म्यानमारचाच असतो. इकडे वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहाही तालुक्यांत सोयाबीनमध्ये तुरीची ओळ घेण्याचा प्रघात आहे. सोयाबीनने दगा दिला तर तुरीवर वर्ष काढायचे, असा या कोरडवाहू शेतीचा हिशोब असतो. आपली तूर बाजारात येते त्याच सुमारास म्यानमारचे पीकही निघते. अकोल्याच्या दालमिलचा खरेदीदार मुंबईतील आयात तुरीचा दर पाहूनच आपल्या तुरीला भाव लावतो.

आता दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. २०१७ च्या प्रारंभी तुरीचे विक्रमी पीक आले, भाव ५,०५० रुपये हमीभावाच्या खाली गेले आणि खरेदी केंद्रांपुढे विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या रांगा लागल्या. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने तुरीच्या आयातीवर वार्षिक दोन लाख टनांची मर्यादा घातली. आपल्या शेतकऱ्यासाठी ते आवश्यक होते. पण त्यामुळे म्यानमारमधील शेतकऱ्याची तूर कवडीमोल झाली. त्या वेळी तेथे लोकांनी निवडलेले सरकार होते.

दुसरा प्रसंग २०२१ चा. फेब्रुवारीत लष्कराने सत्ता बळकावली. मे महिन्यात भारताने डाळींची महागाई रोखण्यासाठी तुरीची आयात खुली केली. १८ जून रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने म्यानमारला शस्त्रे न पुरवण्याचे आवाहन ११९ मतांनी संमत केले, तेव्हा भारत तटस्थ राहिला. त्याच महिन्यात पाच वर्षे दरसाल अडीच लाख टन उडीद व एक लाख टन तूर आणण्याचा सामंजस्य करारही झाला. म्हणजे लोकनियुक्त सरकार असताना दार अर्धे मिटले आणि लष्करी राजवट आल्यावर ते उघडले. दोन्ही वेळा निर्णय डाळीच्या भावाने ठरवला. लोकशाहीचा विचार त्यात कोठेच नव्हता.

या व्यापारातून लष्कराला काय मिळते? तूर पिकवणारा सामान्य शेतकरी असतो आणि तिच्यावर त्याचे घर चालते. मात्र निर्यातदाराने मिळवलेल्या परकीय चलनाचा ठरावीक हिस्सा सरकारी दराने स्थानिक चलनात बदलून घेण्याची सक्ती २०२२ पासून करण्यात आली. सरकारी दर खुल्या बाजाराहून बराच कमी असल्याने मधली तफावत राजवटीच्या पदरात पडते. २०२४ च्या प्रारंभी पंजाब नॅशनल बँकेतील विशेष खात्यातून थेट रुपयांत देणी भागवण्याची सोयही झाली.

गोवा व दक्षिण आफ्रिका

निर्बंधांचा अनुभव भारताला नवा नाही. पोर्तुगालच्या सालाझार हुकूमशाहीने गोवा सोडावा म्हणून १९५० च्या दशकाच्या मध्यापासून भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. रेल्वे थांबली आणि मुंबईत राबणाऱ्या गोवेकरांना घरी पैसे पाठवणे दुरापास्त झाले. सालाझार नमला नाही. माल इतर देशांतून येत राहिला, लोहखनिजाची निर्यात वाढली आणि अखेर डिसेंबर १९६१ मध्ये लष्करी कारवाईनेच गोवा मुक्त झाला.

दक्षिण आफ्रिकेची कथा वेगळी आहे. तेथील वर्णद्वेषी राजवटीशी व्यापार तोडणारा भारत १९४६ मध्ये पहिला देश ठरला. १९७७ मध्ये सुरक्षा परिषदेने शस्त्रबंदी बंधनकारक केली, १९८० च्या दशकात मोठे व्यापारी भागीदार सामील झाले आणि १९९४ मध्ये सर्ववंशीय निवडणूक झाली. तेथील पीडित जनतेचे नेतेच निर्बंधांची मागणी करीत होते. तसेच मोठ्या गिऱ्हाइकांनी पाठ फिरवल्यावर राजवटीला दुसरा आधार राहिला नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीचा सारग्रंथ २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या ५०७ व्या परिच्छेदाचा आशय असा : निर्बंधांचे उद्दिष्ट स्पष्ट असावे, त्यांची परिणामकारकता व सामान्य नागरिकांवर होणारा आघात यांची वेळोवेळी तपासणी व्हावी, वाटाघाटींचा मार्ग मोकळा करणे हाच त्यांचा खरा हेतू असावा, संपूर्ण जनतेला शिक्षा करण्याचे ते साधन होऊ नये आणि व्यापारबंदीला कालमर्यादा असावी. पोप जॉन पॉल दुसरे यांनी जानेवारी १९९८ मधील क्युबाभेटीत तेथील जनतेवर लादलेल्या आर्थिक बंधनांवर याच भूमिकेतून टीका केली होती.

म्यानमारमधील ख्रिस्तसभा स्वतः या वेदना भोगत आहे. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी मिचिना शहरात सशस्त्र पोलिसांपुढे गुडघे टेकून मुलांना मारू नका अशी विनवणी करणाऱ्या सिस्टर अ‍ॅन रोझ नु तॉंग यांचे छायाचित्र जगाने पाहिले.

आमचे मत

तूर घेऊ नये, असे आम्ही म्हणणार नाही. तुरीवरील बंदी लष्कराच्या आधी तेथील शेतकऱ्याला लागेल, आणि तो आपल्यासारखाच कोरडवाहू माणूस आहे. आयात रोखून वाशिमच्या शेतकऱ्याला भाव मिळावा ही मागणी न्याय्य असू शकते. ती हमीभावाच्या व कष्टाच्या नावाने उघडपणे करावी. आपल्या लाभासाठी लोकशाहीचे नाव पुढे करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

त्याच वेळी स्वस्त डाळ मिळते म्हणून तेथील अन्यायाकडे डोळेझाक करणेही आपल्या श्रद्धेला शोभणारे नाही. शस्त्रे, विमान इंधन आणि सेनाधिकाऱ्यांच्या कंपन्या यांच्याशी होणारे व्यवहार थांबवता येतात, आणि ते थांबल्याने कोणाच्या ताटातील घास जात नाही. आपल्या देशाने निदान एवढे करावे, असा आग्रह लोकप्रतिनिधींकडे धरण्याचा अधिकार आपल्याला आहे. येत्या हंगामात तुरीचा काटा होत असताना, किंवा घरी वरण रटरटत असताना, म्यानमारच्या त्या अनोळखी शेतकरी कुटुंबाची आठवण ठेवून एक प्रार्थना करावी, ही वाचकांस विनंती.