सीमेवरचे सरदार

१०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यावर विल्यमने वेल्सची सीमा चेस्टर, श्रूजबरी आणि हेरफर्ड येथे बसवलेल्या तीन विश्वासू सरदारांवर सोपवली. हेरफर्डच्या विल्यम फिट्झऑस्बर्नने वाय नदीकाठी चेपस्टोचा किल्ला बांधला. शिवाय ब्रेतय या आपल्या नॉर्मन गावचे हक्क हेरफर्डच्या फ्रेंच रहिवाशांना दिले. मला हे हक्क किल्ल्याइतकेच मोलाचे वाटतात. तटाआड वसायला माणसे हवीतच. मात्र सरदारांची ही मोकळीक राजालाच जाचली: १०७५ मध्ये फिट्झऑस्बर्नच्या मुलाने, रॉजरने, बंड केले आणि जहागीर गमावली.

पुढे सोयरिकीही झाल्या. जेराल्ड ऑफ वेल्स या लॅटिन ग्रंथकाराची आजी नेस्ट वेल्श राजकन्या, तर आजोबा पेम्ब्रोकचे नॉर्मन किल्लेदार. वेल्स जिंकावा कसा आणि वेल्श लोकांनी प्रतिकार करावा कसा, हे दोन्ही सल्ले जेराल्डने एकाच ग्रंथात दिले आहेत.