पती, पत्नी आणि प्राप्तिकर

संसार दोघांचा असतो, हे आपण लग्नाच्या मांडवापासून ऐकत आलो आहोत. परंतु त्या संसारात येणारा पैसा कोणाचा, असा प्रश्न सरकारने विचारला म्हणजे उत्तर एवढे सोपे राहत नाही. पगाराचे पाकीट एकाच्या नावाने येते, घर दोघे चालवितात. कर आकारावयाचा तो कमावणाऱ्यावर, की दोघांवर निम्मानिम? आणि हे दांपत्य एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात राहावयास गेले, तर उत्तर बदलावे काय? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नाने जवळजवळ पस्तीस वर्षे न्यायालये आणि कायदेमंडळे यांना स्वस्थ बसू दिले नाही. त्याच प्रश्नाची एक शाखा आपल्या गोमंतकातही रुजलेली आहे. म्हणून ही कथा परक्या देशाची असली तरी आपल्याला अगदीच परकी नाही.

प्रथम थोडे गणित समजून घेतले पाहिजे. प्राप्तिकराचा दर चढता असतो. समजा, पहिल्या १०,००० वर शेकडा १० आणि त्यापुढील रकमेवर शेकडा ३० असा दर आहे. एका व्यक्तीचे उत्पन्न २०,००० असेल, तर कर १,००० आणि ३,००० मिळून ४,००० होईल. हेच उत्पन्न पती आणि पत्नी यांच्यात निम्मे वाटले, तर प्रत्येकाचा कर १,०००, म्हणजे दोघांचा मिळून २,०००. पैसा तोच, चूल तीच, परंतु कर निम्म्यावर आला. पुढचा सगळा वाद या साध्या वजाबाकीतून उत्पन्न झाला आहे.

अमेरिकेत आजच्या स्वरूपाचा प्राप्तिकर १९१३ साली सुरू झाला. अविवाहितास ३,००० डॉलरपर्यंत आणि विवाहित दांपत्यास ४,००० डॉलरपर्यंत सूट होती, त्यामुळे तो थोड्या श्रीमंतांपुरताच कर होता. १९१८ च्या कायद्याने पती-पत्नींना संयुक्त विवरणपत्र भरण्याची स्पष्ट मुभा दिली. परंतु दोघांचे उत्पन्न एकत्र करून त्यावर नेहमीचाच चढता दर लागत असे. त्यामुळे या सोयीचा बहुतेकांना फारसा लाभ नव्हता.

१९३० साली त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे दोन खटले आले. पहिला कॅलिफोर्नियातील अर्ल नावाच्या वकिलाचा. त्याने १९०१ साली, म्हणजे प्राप्तिकराचा मागमूसही नव्हता तेव्हा, आपल्या पत्नीशी करार केला होता, की जे जे आपण मिळवू ते दोघांच्या समान मालकीचे. त्या कराराच्या आधारे आपल्या कमाईच्या निम्म्या भागावरच आपणावर कर बसावा, असे त्याचे म्हणणे होते. न्यायमूर्ती होम्स यांनी ते फेटाळले. ज्याने कमावले त्याच्यावर कर, फळ ज्या झाडाला लागले ते त्याच झाडाच्या नावावर मोजावयाचे, दुसऱ्या झाडाला टांगून चालणार नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय होता.

हा निकाल मार्च महिन्यातला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दुसरा निकाल लागला. वॉशिंग्टन राज्यातील सीबॉर्न दांपत्याने १९२७ सालचे उत्पन्न निम्मेनिम्मे दाखवून दोन वेगळी विवरणपत्रे भरली होती. त्यात पतीचा पगारही होता, व्याज आणि लाभांशही होते. येथे मात्र न्यायालयाने दांपत्याची बाजू मान्य केली. कारण वॉशिंग्टनच्या कायद्याप्रमाणे विवाहकाळात मिळविलेली संपत्ती प्रथमपासूनच दोघांची असे. पतीने पत्नीला काही देऊन टाकले नव्हते, तिचे ते तिचेच होते. दोन माणसांनी राजीखुशीने केलेला करार निष्फळ ठरला, आणि राज्याच्या कायद्याने आपोआप घडविलेली तीच वाटणी ग्राह्य ठरली.

हा फरक कोठून आला? अमेरिकेतील बहुतेक राज्यांत इंग्लंडच्या परंपरेचा कायदा होता. त्यात ज्याची कमाई त्याची मालकी. परंतु टेक्सास, कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको यांसारख्या भागांवर पूर्वी स्पेनचा व नंतर मेक्सिकोचा अंमल होता. स्पॅनिश कायद्यात विवाहानंतरची कमाई पती आणि पत्नी या दोघांची समाईक मानीत. राज्य गेले, ध्वज बदलला, पण घरातील मालकीची ही समजूत कायद्यात टिकली. वॉशिंग्टनसारख्या शेजारी राज्यांनीही ती उचलली. अशी एकंदर आठ राज्ये होती. ऐक्याच्या या तत्त्वातही स्त्रीचा हक्क नेहमीच भक्कम होता असे नव्हे. कॅलिफोर्नियातील पत्नीचा हक्क ही केवळ पुढेमागे मिळावयाची आशा आहे, असे मानून १९२६ साली तेथील पतीवरच सगळा कर बसविण्यात आला होता. १९२७ साली राज्याने कायदा सुधारून तिची मालकी वर्तमान आणि समान असल्याचे स्पष्ट केले, आणि १९३१ पासून तेथील दांपत्यांनाही वाटणीचा लाभ मिळाला.

याचा परिणाम असा झाला, की एकाच पगाराच्या दोन गृहस्थांपैकी सिअॅटलचा गृहस्थ न्यूयॉर्कच्या गृहस्थापेक्षा कमी मध्यवर्ती कर भरू लागला. न्यूयॉर्कचे बिऱ्हाड सिअॅटलला हलविले की कर उतरे, सिअॅटलचे न्यूयॉर्कला नेले की चढे. मध्यवर्ती सरकारचा कर सर्व देशाला एक असावा, या तत्त्वाचीच ही थट्टा होती. १९४१ साली सर्व दांपत्यांवर संयुक्त विवरणपत्राची सक्ती करावी अशी सूचना पुढे आली. परंतु पत्नीची कमाई पतीच्या कमाईवर रचून तिच्यावर वरच्या दराने कर घेणे हा तिच्या स्वतंत्र अस्तित्वावर घाला आहे, असे स्त्रियांच्या संघटनांनी म्हटले. समाईक मिळकतीच्या राज्यांनीही विरोध केला. सूचना बारगळली.

दुसऱ्या महायुद्धाने प्राप्तिकर सामान्य माणसाच्या दारात आणला आणि दर विलक्षण वाढले. मग राज्याराज्यांत चढाओढ लागली. ओक्लाहोमाने १९३९ साली ज्याला हवी त्याला समाईक मिळकत, असा ऐच्छिक कायदा केला. १९४४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो करापुरता मानला नाही, तेव्हा १९४५ साली तोच कायदा सर्वांना सक्तीचा करण्यात आला. ऑरेगन, नेब्रास्का, मिशिगन, पेन्सिल्व्हेनिया हीही राज्ये त्याच वाटेने निघाली. शतकानुशतके चालत आलेला मालमत्तेचा कायदा केवळ कर वाचविण्यासाठी रातोरात बदलला जाऊ लागला.

अखेर १९४८ च्या कायद्याने हा गोंधळ मिटविला. अध्यक्ष ट्रूमन यांनी त्या कायद्याला नकार दिला होता. तो नकार ओलांडून काँग्रेसने २ एप्रिल १९४८ रोजी कायदा संमत केला. युक्ती सोपी होती. पती-पत्नींनी संयुक्त विवरणपत्र भरावे, एकूण उत्पन्नाच्या निम्म्यावर कर काढावा आणि त्याची दुप्पट करावी. जे सिअॅटलच्या दांपत्याला कायद्याच्या परंपरेने मिळत होते, ते आता प्रत्येक दांपत्याला कागदावर मिळाले. घाईने समाईक पद्धती स्वीकारलेल्या राज्यांनी तितक्याच घाईने ती सोडून दिली. यावरून त्यांच्या सुधारणेचा खरा हेतू उघड झाला.

परंतु या सोयीची किंमत होती, आणि ती बहुधा स्त्रीला द्यावी लागली. कॅलिफोर्नियातील पत्नी कमाईच्या अर्ध्या भागाची मालकीण होती, म्हणून अर्ध्या भागावर कर देत होती. न्यूयॉर्कमधील पत्नीला कर वाचविण्यापुरते अर्धे उत्पन्न दाखविण्यात आले, मालकी मात्र मिळाली नाही. शिवाय संयुक्त विवरणपत्रावर सही करणाऱ्या दोघांपैकी प्रत्येकजण सगळ्या कराला जबाबदार, असा नियम १९३८ सालीच कायद्यात आला होता. पतीने उत्पन्न दडविले, आणि पत्नीने विश्वासाने सही केली, तर वसुलीची नोटीस तिच्याही दारात येऊ शके. घटस्फोटानंतरही ती जबाबदारी सुटत नसे. अशा निरपराध जोडीदाराला थोडा दिलासा देणारी तरतूद १९७१ साली आली, आणि १९९८ साली ती पुष्कळ व्यापक करण्यात आली. म्हणजे सहीपासून दिलाशापर्यंत तेहतीस वर्षे गेली.

अविवाहितांचीही तक्रार होतीच. काही उत्पन्नांवर त्यांचा कर दांपत्याच्या करापेक्षा शेकडा ४० पर्यंत अधिक पडे. १९६९ च्या कायद्याने हा फरक शेकडा २० च्या आत आणला. मग पारडे उलट झुकले. दोघेही कमावते असलेल्या दांपत्याला लग्न केल्याबद्दल जास्त कर पडू लागला. मेरिलँडमधील एका दांपत्याने यावर उपाय म्हणून वर्षाअखेरीस परदेशात जाऊन घटस्फोट घेण्याचा आणि नव्या वर्षात पुन्हा विवाह करण्याचा क्रम धरला. १९८० साली कर न्यायालयाने ते घटस्फोट मानले नाहीत. चढता दर, विवाहितांत समानता आणि विवाहाविषयी उदासीनता, ही तीनही तत्त्वे एका कायद्यात पूर्णपणे साधत नाहीत. एकाला जपावे तर दुसऱ्याला धक्का बसतो.

आता बिऱ्हाड हलविणाऱ्यांकडे वळू. १९४८ ने मध्यवर्ती करापुरते पत्त्याचे महत्त्व कमी केले, ते संपविले नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे दांपत्य वर्षाच्या मध्यास न्यूयॉर्कला गेले, तर मध्यवर्ती संयुक्त विवरणपत्र एकच होते. दोन्ही राज्यांना मात्र वर्षाच्या आपापल्या भागाचा हिशेब स्वतंत्र द्यावा लागतो. त्यांनी मध्यवर्ती विवरणपत्रे वेगळी भरावयाचे ठरविले, तर जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. कॅलिफोर्नियात अधिवास असेपर्यंतची कमाई निम्मी निम्मी, आणि न्यूयॉर्कला अधिवास बदलल्यानंतरची ज्याची त्याची. म्हणून निघण्याची तारीख, नोकरी बदलल्याची तारीख, त्या त्या काळाच्या पगारपत्रिका आणि बँकेचे हिशेब जपून ठेवावे लागतात. समाईक पैशातून घेतलेली वस्तू नुसती सीमा ओलांडल्याने एकट्याची होत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. सामान हलविण्याचा खर्च उत्पन्नातून वजा करण्याची सोय १९६४ साली कायद्यात आली होती. २०१८ पासून ती थांबविण्यात आली आणि २०२५ च्या कायद्याने, सैन्यातील लोकांसारखे अपवाद वगळून, कायमची बंद झाली.

इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथून अमेरिकेस गेलेल्या मराठी कुटुंबांना या कथेतील एक कलम विशेष जवळचे आहे. पती तेथे स्थायिक आणि पत्नी अद्याप भारतात, अशा स्थितीत पूर्वी संयुक्त विवरणपत्र भरताच येत नसे. १९७६ च्या कायद्याने ती वाट मोकळी केली. परदेशी जोडीदारालाही निवासी मानावे असा पर्याय दोघांनी मिळून निवडावयाचा. परंतु तो निवडला, की दोघांचेही जगभरातील उत्पन्न त्या कागदावर येते. बडोद्याच्या घराचे भाडे आले, इंदूरच्या बँकेतील ठेवीचे व्याजही आले. केवळ कमी कर दिसतो म्हणून सही करणाऱ्याने हे आधी मोजले पाहिजे.

आता आपल्या घराकडे येऊ. जी परंपरा स्पेनने कॅलिफोर्नियात ठेवली, तिची शेजारीण पोर्तुगालने गोमंतकात ठेवली. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १ जुलै १८७० पासून गोव्यात अमलात आली. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पती आणि पत्नी यांची मालमत्ता समाईक, हा तिचा नियम. अमेरिकी राज्यांत विवाहानंतरची कमाईच समाईक असे. गोव्यात विवाहापूर्वीचीही त्यात येते. १९६१ साली गोवा मुक्त झाला, १९६३ पासून भारताचा प्राप्तिकर तेथे लागू झाला, आणि सिअॅटलचा प्रश्न पणजीत उभा राहिला. भारताच्या १९६१ च्या कायद्यात दांपत्याच्या संयुक्त विवरणपत्राची सोय नव्हती. उलट पतीने पत्नीच्या नावे केलेल्या मालमत्तेचे उत्पन्न पतीच्याच उत्पन्नात मिळविण्याचे कलम होते. मग गोव्यातील दांपत्याला एक समूह मानावे, की दोन व्यक्ती?

या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर १९९४ साली प्राप्तिकर कायद्यात घातलेल्या ५-अ या कलमाने दिले, आणि ते १ एप्रिल १९६३ पासून लागू मानले. समाईक पद्धतीखालील दांपत्यावर समूह म्हणून कर नाही. घरभाडे, व्यापार, व्याज इत्यादी उत्पन्न दोघांत समान वाटावयाचे. मात्र पगार ज्याने मिळविला त्याचाच. म्हणजे सीबॉर्न दांपत्याला अमेरिकेत पगारही वाटता आला, गोव्यातील दांपत्याला तो वाटता येत नाही. १९६१ च्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या प्राप्तिकर कायद्यातही ही तरतूद ठेवलेली आहे.

या कलमाचा शब्द मोलाचा आहे. तो ‘गोव्यात राहणारे’ असा नाही. ज्यांना ही समाईक पद्धती लागू आहे, असा तो आहे. बेळगावचे कुटुंब पणजीला भाड्याने राहावयास गेले, एवढ्यानेच त्याचे उत्पन्न निम्मेनिम्मे होत नाही. आणि गोव्याचा कायदा गोव्याच्या वेशीवर थांबतो असेही नाही. गोव्यात अधिवास असलेल्या माणसाच्या मुंबईतील मालमत्तेचा वारसाही गोव्याच्याच संहितेप्रमाणे ठरेल, असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले. वारसा आणि कर हे विषय वेगळे आहेत, परंतु दोहोंतही एकच विचारावयाचे असते. हे दांपत्य कोणत्या कायद्याखाली एकत्र आले, आणि त्याचे खरे घर कोणते?

गाव बदलणाऱ्या दांपत्याला विवरणपत्र हा एक कंटाळवाणा कागद वाटतो. तो कागद भरण्यापूर्वी दोघांनी एकत्र बसून तारखा, मिळकती आणि त्यांची मालकी यांची यादी करावी, आणि दोघांनी ती वाचावी. मालकी दोघांची असेल तेथे ती कागदावर यावी, आणि सही दोघांची असेल तेथे ती समजून व्हावी. १९३८ पासूनचा अनुभव हेच सांगतो, की न वाचता केलेल्या सहीची किंमत पुष्कळदा सर्वांत कमी कमावणाऱ्याने मोजली आहे.