शेतरस्त्याचा हक्क
शेजाऱ्याच्या जमिनीतून आपल्या शेतात ये-जा करण्याचा कायदेशीर हक्क. महाराष्ट्रात नवा रस्ता हवा असल्यास जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे अर्ज करतात; हा रस्ता बांधावरून मिळतो. वहिवाटीचा रस्ता कोणी चर खणून वा काट्या टाकून अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 नुसार 6 महिन्यांत दावा लावावा लागतो. गावकीत समेटाची वाट पाहता पाहता ही मुदत सहज निघून जाते. सुविधाधिकार अधिनियम, 1882 प्रमाणे 20 वर्षांच्या उघड, अखंड, हक्काने केलेल्या वहिवाटीतून हक्क निर्माण होतो. परवानगीने केलेली ये-जा त्यात धरत नाहीत. वाटणीत एखादा तुकडा चहूबाजूंनी कोंडला गेला, तर मात्र वर्षे मोजावी लागत नाहीत: गरजेपोटीचा रस्ता भाऊबंदांच्याच हिश्श्यातून मिळतो.